ईरी सरोवराच्या तोंडावर: बफेलोचे बंदर आणि त्याचे दीपगृह

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातले बफेलो हे शहर ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला वसले आहे. सरोवराचे पाणी येथे नायगारा नदीत शिरते आणि तीसेक किलोमीटर उत्तरेला गेल्यावर जगप्रसिद्ध धबधब्यावरून कोसळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे गाव धान्याच्या व्यापारातले जगातले सर्वांत मोठे बंदर होते. ओडेसा, लंडन, रॉटरडॅम ही नामांकित बंदरे त्याच्या मागे पडली होती. आश्चर्य एवढ्यासाठीच की, ज्या जागी हे बंदर उभे राहिले तिथे निसर्गाने बंदरासारखे काहीच दिले नव्हते.

ईरी हे उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांपैकी सर्वांत उथळ. लांबी 388 किलोमीटर, पण सरासरी खोली जेमतेम 19 मीटर. सरोवर नैऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेले आहे आणि तिथला जोराचा वाराही बहुतेक नैऋत्येचाच. त्यामुळे वादळ उठले की साऱ्या सरोवराचे पाणी बफेलोच्या बाजूला लोटले जाते. पश्चिमेच्या टोकाला पाणी ओसरते आणि पूर्वेच्या टोकाला काही तासांत पुरुषभर उंच चढते. अशा किनाऱ्यावर बफेलो क्रीक नावाची एक संथ नदी येऊन मिळत असे. तिच्या तोंडावर लाटांनी वाळूचा दांडा घातलेला होता. उन्हाळ्यात पाणी इतके कमी होई की लहान होड्यांनाही आत शिरणे जड जाई. मोठी गलबते बाहेर उघड्या पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि माल छोट्या पडावांतून किनाऱ्याला आणावा लागे. वारा फिरला की नांगर उचलून पळावे लागे, ते वेगळेच.

या नदीकाठी सेनेका लोकांची वस्ती होती. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, 1779 साली, जनरल सलिव्हनच्या फौजेने त्यांची मूळ गावे आणि उभी शेते जाळली. त्यानंतर त्यांच्यातले पुष्कळ जण बफेलो क्रीकच्या काठाने येऊन राहिले. पुढे हॉलंड लँड कंपनी या डच गुंतवणूकदारांच्या मंडळीने पश्चिम न्यूयॉर्कमधली अफाट जमीन घेतली. कंपनीचा मोजणीदार जोसेफ एलिकॉट याने 1804 साली नदीच्या मुखाजवळ गावाची आखणी केली. कंपनीने दिलेले ‘न्यू ॲमस्टरडॅम’ हे नाव लोकांनी कधी मनावर घेतले नाही. नदीचेच नाव गावाला चिकटले. 1805 साली अमेरिकन काँग्रेसने येथे जकातीचे ठाणे मंजूर केले आणि दीपगृहाचाही विचार झाला. तो कागदावर राहिला, आणि तेवढ्यात ब्रिटनशी युद्ध पेटले. 30 डिसेंबर 1813 रोजी ब्रिटिश फौज नायगारा ओलांडून आली आणि तिने गाव जाळून टाकले. भर हिवाळ्यात मोजकीच घरे उभी राहिली. बफेलोची पुढची सगळी उभारणी या राखेवरची आहे.

युद्ध संपल्यावर दीपगृहाचा प्रश्न पुन्हा निघाला. 1818 साली नदीच्या मुखाशी सुमारे तीस फुटांचा दगडी बुरूज बांधून त्यावर दिवा लावण्यात आला. त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावाजवळ प्रेस्क आइल येथेही दीपगृह झाले. महासरोवरांच्या काठी अमेरिकन सरकारने बांधलेली ही पहिली दोन दीपगृहे. यांत आधीचे कोणते, यावर दोन्ही गावांचे अभिमानी अजून भांडतात. बफेलोचे हे पहिले दीपगृह चुकीच्या जागी आणि अपुऱ्या उंचीचे होते. गाव वाढू लागले तसा चुलींचा आणि भट्ट्यांचा धूर किनाऱ्यावर साचू लागला आणि दिवा त्यात हरवू लागला. नाखव्यांच्या तक्रारी सुरू झाल्या.

त्याच 1818 साली ईरी सरोवरावर पहिली आगबोट तरंगली. ‘वॉक-इन-द-वॉटर’ असे तिचे नाव. ती बफेलोत बांधली गेली नाही. नायगारा नदीच्या काठाने दोन-तीन मैल खाली ब्लॅक रॉक नावाचे गाव होते, तिथे ती बांधली गेली. ब्लॅक रॉकला एका बेटाच्या आडोशाला गलबते सुरक्षित उभी राहत आणि नायगाऱ्याच्या बाजूने होणारी मालवाहतूक तिथल्या पोर्टर, बार्टन आणि मंडळीच्या हातात होती. अडचण एकच होती. ब्लॅक रॉकहून सरोवरात चढायचे तर नदीचा वेगवान प्रवाह उलटा कापावा लागे आणि त्या पहिल्या आगबोटीच्या इंजिनात तेवढा दम नव्हता. म्हणून काठावरून बैलांच्या जोड्या जुंपून तिला दोराने ओढत सरोवरात न्यावे लागे. खलाशी त्याला ‘शिंगांचा वारा’ म्हणत.

31 ऑक्टोबर 1821 रोजी दुपारी ही आगबोट डेट्रॉइटला जायला निघाली आणि संध्याकाळी वादळात सापडली. रात्रभर तिच्यात पाणी भरत राहिले, नांगर घसरत राहिले. पहाटेच्या अंधारात कप्तानाने तिला मुद्दाम बफेलोच्या किनाऱ्यावर रेतीत घातले. एक खलाशी दोर घेऊन काठाला पोहोचला, तो दोर झाडाला बांधला गेला आणि त्याच्या आधाराने लहान होडीतून एकेक खेप करून प्रवासी उतरवले गेले. भिजून काकडलेली ती माणसे चालत दीपगृहाशी आली आणि रखवालदाराच्या घरातल्या शेकोटीपाशी बसली. एकही जीव गेला नाही. आगबोट मात्र संपली. तिचे इंजिन तेवढे शाबूत निघाले.

हा अपघात बफेलोच्या पथ्यावर पडला, पण त्याची तयारी गावाने आधीपासून केलेली होती. 1817 पासून न्यूयॉर्क राज्य हडसन नदीपासून ईरी सरोवरापर्यंत कालवा खणत होते. त्या कालव्याचे पश्चिमेचे टोक कुठे असावे, बफेलोत की ब्लॅक रॉकला, हे ठरायचे होते. ब्लॅक रॉकच्या बाजूने पीटर पोर्टर उभा होता. तो युद्धातला सेनानी, काँग्रेसचा माजी सदस्य, पैशाने आणि ओळखींनी भक्कम. बफेलोकडे दाखवायला होता तो वाळूचा दांडा. कालव्याच्या आयुक्तांसमोर बंदर ठेवायचे तर ते आधी बांधणे भाग होते.

गावातल्या काही व्यापाऱ्यांनी राज्याकडे कर्ज मागितले. 1819 साली विधिमंडळाने 12,000 डॉलर मंजूर केले, पण कर्जाला दुप्पट रकमेचे तारण हवे अशी अट घातली. बंदर टिकले आणि राज्याला पसंत पडले तरच ते राज्य ताब्यात घेणार. नाहीतर सारा तोटा कर्ज काढणाऱ्यांचा. नेमकी त्याच वर्षी देशभर मंदी आली. आधी पुढे आलेले बहुतेक जण एकेक करून मागे सरले. शेवटी चार्ल्स टाउनसेंड, ऑलिव्हर फॉरवर्ड आणि सॅम्युएल विल्केसन या तिघांनी आपापली मालमत्ता गहाण टाकली. या तिघांचा निर्णय झाला नसता तर बफेलोचा इतिहास एका लहान गावाचा इतिहास राहिला असता, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

विल्केसन हा मूळचा पेनसिल्व्हेनियाचा. मिठाचा व्यापार आणि नावा बांधणे हा त्याचा धंदा. युद्धानंतर बफेलोत येऊन स्थिरावलेला. बंदराच्या बांधकामाचा अनुभव त्याला नव्हता, गावात तो कुणालाच नव्हता. आधी नेमलेल्या देखरेख्याला काम झेपेना, तेव्हा विल्केसनने आपले दुकान बाजूला ठेवले आणि 1820 मध्ये स्वतः पाण्यात उतरला. लाकडाच्या ओंडक्यांचे मोठमोठे पेटारे बांधायचे, ते ओढत नेऊन ठरलेल्या ओळीत बुडवायचे आणि दगडांनी भरायचे, अशी पद्धत होती. अर्धवट भरलेला पेटारा वादळात हलू नये म्हणून झुडपे आणि फांद्या टाकल्या जात. त्यांत वाळू अडकून पेटारा जागचा हलेनासा होई. दुसऱ्या हंगामात नदीला नवे, सरळ तोंड पाडायचे ठरले. त्यासाठी जुन्या प्रवाहात खुंट ठोकून बांध घालायचा होता, आणि खुंट ठोकायला लागणारा जड घण गावात मिळेना. युद्धात वापरलेली एक जुनी उखळी तोफ पडून होती. तिच्या दोन्ही बाजूंचे खुंटे तोडून टाकले आणि तिचाच घण केला. पुराचे पाणी मग बांधाला अडून नव्या वाटेने घुसले आणि वाळूचा दांडा त्यानेच कापला.

कामाचे एकूण 221 दिवस भरले. धक्का सरोवरात 1,320 फूट आत गेला आणि त्याच्या टोकाशी बारा फूट पाणी मिळाले. ‘वॉक-इन-द-वॉटर’च्या मालकांना नवी आगबोट बांधायची होती. गावकऱ्यांनी त्यांना गाठून ती बफेलोतच बांधावी असे पटवले, आणि वसंतात वाट मोकळी नसली तर दररोजचा दंड भरू अशी हमी लिहून दिली. वेळ आली तेव्हा वाटेत बर्फ आणि गाळ साचलेला होता. तो उपसून काढला गेला. 1822 साली ‘सुपीरियर’ नावाची आगबोट, मोडलेल्या बोटीचेच इंजिन पोटात घेऊन, बफेलोच्या धक्क्यातून सरोवरात गेली. त्यानंतर कालव्याचे टोक बफेलोलाच न्यायचे ठरले. पोर्टरने शेवटपर्यंत झुंज दिली. राज्याकडून पैसा मिळवून त्याने ब्लॅक रॉकलाही बंदर बांधून घेतले. पण त्याच्या बांधांना बर्फाने आणि प्रवाहाने टिकू दिले नाही. 1853 साली ब्लॅक रॉक बफेलो शहरातच सामील झाले.

ईरी कालवा 26 ऑक्टोबर 1825 रोजी खुला झाला. लांबी 363 मैल, म्हणजे 584 किलोमीटर; रुंदी 40 फूट; पाण्याची खोली अवघी चार फूट. चढउतारासाठी 83 लॉक, म्हणजे दारे लावून पाण्याची पातळी वरखाली करणारे हौद. गव्हर्नर डी विट क्लिंटन ‘सेनेका चीफ’ नावाच्या नावेत बसून बफेलोहून निघाला. नाव हलली तशी बफेलोत तोफ उडाली. तिचा आवाज ऐकून पुढच्या तोफेने बार काढायचा, तो ऐकून त्याच्या पुढच्या, अशी सगळी वाट तोफा मांडून ठेवल्या होत्या. न्यूयॉर्क शहराला बातमी दीड तासाच्या आत पोहोचली, नाव पोहोचायला मात्र 4 नोव्हेंबर उजाडला. क्लिंटनने सोबत आणलेले ईरी सरोवराचे पाणी अटलांटिकमध्ये ओतले. कालव्यापूर्वी बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल पाठवायला सुमारे शंभर डॉलर पडत. कालव्याने तो खर्च दहा डॉलरच्या आसपास आणला. अमेरिकेचा मध्यपश्चिम भाग यामुळेच धान्य पिकवून विकण्याजोगा झाला. 1820 साली बफेलोची लोकसंख्या 2,095 होती. 1830 साली ती 8,668 झाली, 1850 साली 42,261. जिचे नाव त्या पहिल्या नावेला दिले होते त्या सेनेका जमातीला या वाढीत जागा उरली नाही. 1838 साली झालेल्या कराराने त्यांच्या जमिनी गेल्या. त्या करारावर सह्या मिळवण्यासाठी लाच आणि दडपण वापरल्याचे आरोप तेव्हाच झाले. 1842 च्या तडजोडीत दुसऱ्या काही राखीव जमिनी त्यांना परत मिळाल्या, पण बफेलो क्रीकची मिळाली नाही. बंदराच्या यशाची ही बाजू शहराच्या कौतुकात फार काळ सांगितली गेली नाही. ती सांगितली पाहिजे.

बंदर गजबजले तसे दीपगृहही नव्याने बांधणे आले. केंद्र सरकारने विल्केसनच्या लाकडी धक्क्याची जबाबदारी घेऊन दगडी धक्का सुमारे 1,400 फूट आत नेला आणि त्याच्या टोकावर 1833 साली नवे दीपगृह उभे केले. आजही उभे आहे ते हेच. चुनखडीच्या घडीव दगडांचा आठ बाजूंचा मनोरा, तळाशी रुंद, वर निमुळता. वरच्या मजल्यावर लोखंडी कठडा आणि काचेची दिव्याची खोली. सुरुवातीला तेलाचे दिवे आणि त्यांच्यामागे चकाकणारे परावर्तक एवढीच व्यवस्था होती. फ्रान्समध्ये ऑगस्तँ फ्रेनेलने 1822 सालीच कडेकडेच्या काचपट्ट्यांनी प्रकाश एका दिशेला वळवणारे भिंग तयार केले होते. पण अमेरिकेच्या दीपगृहांचा कारभार त्या काळात काटकसरी हिशेबनिसाच्या हातात होता आणि महागडे फ्रेंच भिंग त्याला परवडण्याजोगे वाटत नव्हते. 1852 साली दीपगृहांसाठी जाणकारांचे मंडळ नेमले गेले तेव्हा ही अडवणूक संपली. 1857 मध्ये बफेलोचा मनोरा चढवून उंच केला, सुमारे साठ फुटांपर्यंत नेला आणि त्यावर तिसऱ्या दर्जाचे फ्रेनेल भिंग बसवले. हिवाळ्यात सरोवर गोठे आणि दिवा बंद राही. बर्फ फुटले की एप्रिलच्या सुमारास तो पुन्हा लागे आणि शेकडो शिडे बंदराकडे निघत.

या शिडांखाली येणारी आणि जाणारी माणसे साऱ्या जगातली होती. जर्मनी, आयर्लंड, स्वित्झर्लंडमधून आलेली कुटुंबे कालव्याच्या नावेतून बफेलोत उतरत आणि येथून आगबोटीने पश्चिमेकडे जात. 9 ऑगस्ट 1841 रोजी ‘ईरी’ नावाची आगबोट बफेलोहून अशाच स्थलांतरितांना घेऊन निघाली. बोटीवर रंगाऱ्यांचे टर्पेंटाइन आणि वॉर्निशचे बुधले होते आणि ते बॉयलरच्या वर ठेवलेले होते. काही तासांतच भडका उडाला. दोनशेहून अधिक माणसे जळून किंवा बुडून गेली. याच आगबोटींवर काम करणारा विल्यम वेल्स ब्राउन हा गुलामीतून निसटलेला तरुण बफेलोत राहत होता. पलीकडचा किनारा कॅनडाचा, म्हणजे गुलामीच्या कायद्यापासून मोकळा. 1842 च्या एका हंगामात त्याने 69 फरारी गुलामांना सरोवरापलीकडे पोहोचवले. पुढे तो नामांकित लेखक झाला.

18 ऑक्टोबर 1844 च्या रात्री सरोवराने आपला स्वभाव दाखवला. नैऋत्येचा वारा एकाएकी वादळी झाला आणि पाण्याचा लोंढा समुद्रभिंत ओलांडून खालच्या वस्तीत घुसला. तिथे राहणारे बहुतेक मजूर आणि गोदी कामगार झोपेत होते. मृतांचा आकडा 78 असा नोंदला गेला. नावा रस्त्यांवर येऊन पडल्या. भौतिकशास्त्रात या प्रकाराला ‘सेश’ म्हणतात. परातीतले पाणी एका बाजूला हिंदकळावे तसे अख्खे सरोवर हिंदकळते. उथळपणामुळे ईरीत ते सर्वांत जास्त होते.

बफेलोला जगात पहिल्या क्रमांकावर नेले ते मात्र दीपगृहाने नव्हे, कालव्यानेही एकट्याने नव्हे. धान्य सरोवरावरून मोठ्या गलबतांत येई आणि कालव्याच्या चिंचोळ्या नावांत भरावे लागे. हे काम आयरिश हमाल पाठीवर पिंपे वाहून करत. हवा चांगली असली तरी दिवसाला फार तर दोन हजार बुशेल, म्हणजे सुमारे 54 टन, माल उतरे. पाऊस लागला की काम बंद. बंदरात गलबते दिवसेंदिवस खोळंबून राहत. जोसेफ डार्ट या व्यापाऱ्याने रॉबर्ट डनबार या यंत्रज्ञाच्या मदतीने 1842-43 मध्ये नदीकाठी वाफेवर चालणारे धान्यकोठार उभारले. कातडी पट्ट्याला बादल्या जोडलेला उंच खांब गलबताच्या पोटात सोडायचा, बादल्या भरभरून धान्य वर नेत आणि ते कोठाराच्या कप्प्यांत पडे. आटा दळण्याच्या गिरण्यांत ऑलिव्हर इव्हान्सने ही युक्ती आधीच वापरली होती. डार्टने ती बंदरावर आणली आणि तसे मोकळेपणाने सांगितले. लोक त्याला वेड्यात काढत होते. आयरिश माणसाच्या पाठीहून स्वस्त यंत्र होणार नाही, असे एका जाणत्या व्यापाऱ्याने त्याला सुनावले होते. जून 1843 मध्ये ‘फिलाडेल्फिया’ नावाचे गलबत 4,515 बुशेल गहू घेऊन आले आणि डार्टच्या यंत्राने तो उतरवला. तासाला हजार बुशेल ही गती होती, कोठाराची क्षमता 55,000 बुशेल. दहा-बारा वर्षांत नदीच्या दोन्ही काठांना अशी कोठारे झाली. 1861-62 मध्ये इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप अमेरिकेच्या प्रवासात बफेलोला आला तेव्हा या कोठारांवर त्याने आपल्या प्रवासवर्णनात सविस्तर लिहिले.

यंत्राने हमालांची गरज संपवली नाही. बादल्या गलबताच्या मध्यातला ढीग उचलत, पण कोपऱ्यांतले धान्य फावड्यांनी त्यांच्यापुढे ओढावेच लागे. हे फावडेवाले नदीकाठच्या आयरिश वस्तीतले. त्यांना काम मिळे ते दारूच्या गुत्तेवाल्यांमार्फत, आणि मजुरीही गुत्त्यातच हातावर पडे; घरी जाईपर्यंत तिचा बराच भाग तिथेच जिरे. 1899 च्या वसंतात त्यांनी संप केला. समोर विल्यम कॉनर्स हा मातब्बर कंत्राटदार होता. बफेलोचे बिशप क्विग्ली कामगारांच्या बाजूने उभे राहिले आणि गुत्त्यात मजुरी वाटण्याची पद्धत मोडली. बंदराच्या इतिहासात विल्केसनच्या धक्क्याइतकेच मानाचे स्थान या संपाला द्यायला हवे.

रहदारी वाढली तसा नदीमुखातला एक धक्का पुरेना. 1860 च्या दशकाच्या अखेरीपासून किनाऱ्यापासून दूर, उघड्या सरोवरात लाटा अडवणारा बांध घालायला सुरुवात झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी तो चार मैलांहून लांब झाला. 1872 साली या बांधावर स्वतंत्र दीपगृह बांधले आणि 1833 च्या मनोऱ्याचे महत्त्व उतरत गेले. नव्या दीपगृहाचे नशीब खडतर होते. वाट चुकलेली जहाजे त्याला वरचेवर येऊन धडकत. 1914 साली जुना मनोरा कायमचा विझवण्यात आला.

त्याच्या आदल्या वर्षी महासरोवरांवरचे सर्वांत भीषण वादळ झाले. नोव्हेंबर 1913 मधली ही गोष्ट. बफेलोपासून सुमारे तेरा मैल पश्चिमेला, कॅनडाच्या पॉइंट अबिनोजवळ, क्रमांक 82 चे दीपजहाज नांगरून ठेवलेले असे. जिथे मनोरा बांधता येत नाही तिथे दिवा लावून जहाजच उभे करायची ती पद्धत. दीपजहाजाने वादळात जागा सोडायची नसते. 82 ने ती सोडली नाही. वादळ ओसरले तेव्हा ते तिथे नव्हते. किनाऱ्याला वाहून आलेल्या एका फळीवर कप्तानाने पत्नीसाठी निरोप लिहिलेला सापडला, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. जहाजावरचे सहाही जण गेले. पुढच्या वसंतात तळाशी जहाज सापडले, 1915 मध्ये ते वर काढले, दुरुस्त केले आणि 1936 पर्यंत ते पुन्हा कामात होते. पॉइंट अबिनोला कॅनडाने नंतर पक्के दीपगृह बांधले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बफेलो श्रीमंत होते. 1896 मध्ये नायगाऱ्याची वीज शहरात आली, दक्षिणेला पोलादाचा प्रचंड कारखाना आला, 1930 च्या सुमारास पीठ दळण्यात त्याने मिनिॲपोलिसलाही मागे टाकले. लाकडी कोठारांना आगी लागत म्हणून काँक्रीटची कोठारे आली. 1913 साली वॉल्टर ग्रोपियसने आणि 1923 साली ल कॉर्ब्युझिएने अमेरिकन धान्यकोठारांची छायाचित्रे आपल्या लिखाणात छापून ती नव्या वास्तुकलेचा नमुना म्हणून युरोपपुढे ठेवली. चंडीगढ वसवणाऱ्या ल कॉर्ब्युझिएच्या विचारांत या कोठारांचाही वाटा आहे, हे भारतीय वाचकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

उतरण बंदराबाहेरून आली. कॅनडाने 1932 मध्ये वेलँड कालवा रुंद आणि खोल केला. 1959 साली सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला आणि समुद्रावरची मोठी जहाजे बफेलोला न शिवता थेट शिकागो-डुलुथपर्यंत जाऊ लागली. माल उतरवून दुसरीकडे चढवण्यावर जगलेल्या बंदराचे कारणच नाहीसे झाले. कोठारे एकापाठोपाठ बंद पडली. 1950 साली 5,80,132 असलेली लोकसंख्या 2020 मध्ये 2,78,349 वर आली. फावडेवाल्यांचे काम 2003 मध्ये संपले.

जुलै 1958 मध्ये ‘फ्रंटनॅक’ नावाचे मालवाहू जहाज बांधावरच्या दीपगृहावर आदळले. दीपगृह पायासकट वीस फूट मागे सरकले आणि पंधरा अंश कलले. तीन वर्षे ते तसेच तिरके उभे होते, मग पाडून टाकले. 1833 च्या मनोऱ्यावरही त्याच काळात पाडापाडीची वेळ आली होती. तटरक्षक दलाला तिथे टेहळणीसाठी मोकळी जागा हवी होती. नागरिकांनी विरोध केला, पैसे जमवले आणि 1960 च्या दशकात मनोऱ्याची पहिली डागडुजी झाली. 1984 साली तो राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत गेला. 1985 पासून स्थानिक दीपगृह मंडळ त्याची देखभाल करते. बफेलो शहराच्या मुद्रेवर हेच दीपगृह आहे, सोबत सरोवरातले गलबत आणि कालव्यातली नाव.

विल्केसन 1836 साली बफेलोचा महापौर झाला. फॉरेस्ट लॉन दफनभूमीतल्या त्याच्या समाधीवर लॅटिनमध्ये कोरले आहे की त्याने हे शहर वसवले. नायगारा पाहायला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी बफेलोला विमानतळावर उतरतात आणि तडक धबधब्याकडे निघतात. त्यांनी एक दुपार राखून ठेवावी. नदीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर, तो आठ बाजूंचा मनोरा आहे. थोडे आत गेले की नदीच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटची कोठारे आहेत आणि त्यांतल्या एका गिरणीत आजही सरोवरावरून आलेले धान्य दळले जाते.